ब्रायटनच्या किनाऱ्यावरचं जुनं हॉटेल: पैसे नावाचे द्यायचे की खिडकीचे?

प्रश्न ठाण्याहून आलाय. मुलीचं ससेक्स विद्यापीठातलं एमएस्सी पूर्ण झालं, जानेवारीत पदवीदान आहे. आई, बाबा आणि ७४ वर्षांची आजी असे तिघं इंग्लंडमधल्या ब्रायटनला निघालेत. मुलगी मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते, तिथे तिघांची सोय होणार नाही. बाबा लिहितात: "परत कधी जाणं होईल सांगता येत नाही, म्हणून समुद्रासमोरच्या जुन्या हॉटेलातच दोन रात्री काढाव्यात असं मनात आहे. पण लोकांचे अभिप्राय वाचून डोकं भंजाळलंय. एकजण म्हणतो राजवाडा, दुसरा म्हणतो कपाटात झोपल्यासारखं वाटलं. हॉटेल एकच! खरं कुणाचं मानायचं?"

दोघांचंही. दोघं एकाच हॉटेलात उतरले होते, पण एकाच खोलीत नव्हते, एवढाच फरक.

मी सात वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका जुन्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला काढली, त्यातली तीन रात्रपाळीत. आता बरीच वर्षं पुण्यात बसून लोकांच्या ब्रिटनच्या सहली आखून देतो. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली आहे. आधुनिक हॉटेलात तुम्ही हॉटेल बुक करता. तिथे ३०७ आणि ५०७ या खोल्या जुळ्या बहिणी असतात. समुद्रकाठच्या व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या, हॉटेलात मात्र खोली बुक करावी लागते. एकाच दारातून आत गेलेल्या दोन पाहुण्यांना तिथे दोन वेगळी हॉटेलं मिळतात, आणि ती कशी वाटली जातात हे समजलं की तुमचं अर्धं काम झालं.

ही हॉटेलं मुळात का बांधली गेली, इथपासून सुरुवात करतो, कारण खोल्यांची तऱ्हा तिथूनच आली आहे. ब्रायटन हे मासेमारांचं गाव. १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्यावर लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. समुद्रात बुडी मारा, आणि तेच पाणी पोटातही घ्या, असा त्याचा उपचार. पुढे तो ब्रायटनमध्येच येऊन राहिला आणि श्रीमंत रोगी त्याच्या मागोमाग आले. मग १७८३ पासून युवराज यायला लागला, तोच पुढे चौथा जॉर्ज. युवराज आला की दरबार येतो, दरबार आला की भाड्याची घरं येतात. १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि मोठी हॉटेलं शक्य झाली. तुमच्या डोळ्यांसमोर जे 'जुनं पांढरं हॉटेल' आहे ते बहुधा द ग्रँड. जॉन व्हिचकॉर्ड या वास्तुविशारदाने ते १८६४ मध्ये उभं केलं. शेजारी लाल विटा आणि टेराकोटाचं मेट्रोपोल आहे, १८९० चं. त्याचा वास्तुविशारद आल्फ्रेड वॉटरहाउस, लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम बांधणारा तोच. या दोघांहून पुष्कळ जुनं म्हणजे ओल्ड शिप. त्याचा उल्लेख १५५९ पासून सापडतो, मात्र आज दिसणारी इमारत त्या काळातली नाही. दुसऱ्या चार्ल्सला १६५१ मध्ये आपल्या बोटीतून फ्रान्सला पळवून नेणाऱ्या निकोलस टेटरसेलने पुढे हेच शिप विकत घेतलं. राजाला वाचवल्याचं बक्षीस हॉटेलात गुंतवलं, असं आम्ही फ्रंट ऑफिसवाले गमतीने म्हणायचो.

आता मजले. लिफ्ट नसण्याच्या काळात पैसेवाला माणूस एकच जिना चढायचा. त्यामुळे पहिला मजला सर्वांत मानाचा: उंच छत, मोठ्या खिडक्या, समोर लोखंडी नक्षीचा सज्जा. जसजसं वर जावं तसतशी छतं खाली येतात, खिडक्या आक्रसतात, आणि अगदी वर, उतरत्या छपराखाली, मालकांबरोबर आलेल्या नोकरचाकरांच्या खोल्या. ग्रँडमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट सुरुवातीपासून होती, इंग्लंडमधल्या पहिल्यावहिल्या हॉटेल-लिफ्टांपैकी ती एक. तरी इमारतीचा मानपान जुनाच राहिला, कारण दर्शनी भिंतीला कुठल्या मजल्यावर किती उंच खिडकी शोभते याचे संकेत ठरलेले होते. आज त्या नोकरांच्या खोल्यांनाही नवा गालिचा, छान दिवे आणि संगणकावर एखादं 'क्लासिक' किंवा 'कोझी' असं नाव मिळालेलं असतं. 'कोझी' वाचलं की समजायचं, बॅग उघडली तर दार उघडणार नाही.

कपाटात झोपलेला गृहस्थ तो हाच.

मग कुठला मजला मागायचा? पहिल्या मजल्याच्या सज्जाच्या खोल्या सुंदर, पण महाग, आणि समोरून किंग्ज रोड जातो. हा किनाऱ्यालगतचा मुख्य रस्ता, रात्री उशिरापर्यंत गाड्या. शुक्रवार-शनिवारी लग्नाआधीच्या पार्ट्या करायला लंडनहून आलेली तरुण मंडळी पहाटेपर्यंत गात फिरतात. माझं मत विचाराल तर दुसरा, तिसरा किंवा चौथा मजला, समोरची बाजू. छत अजून चांगलं उंच असतं, रस्ता खाली राहतो आणि समुद्र जास्त दिसतो, कारण समोरच्या कठड्यावरून नजर पलीकडे जाते. अगदी वरच्या मजल्यावर जाऊ नका असं म्हणत नाही, पण तिथे खिडकीतून समुद्र पाहायला आजींना खुर्चीवर उभं राहावं लागणार नाही ना, हे विचारून घ्या.

'सी व्ह्यू' या शब्दांत बरंच काही लपतं. एक असतो पूर्ण सी व्ह्यू, म्हणजे खिडकी समुद्राकडे तोंड करून. दुसरा 'साइड' किंवा 'पार्शल', म्हणजे खिडकी गल्लीकडे आणि मान उजवीकडे वळवून, गाल काचेला लावला की निळी पट्टी दिसते. तिसऱ्याला 'सिटी व्ह्यू', 'इनलँड' असं काहीतरी म्हणतात. तिथे बऱ्याचदा आतला चौक, मुदपाकखान्याचे पाइप आणि समुद्रपक्ष्यांनी घाण केलेली छपरं दिसतात. दरातला फरक मोठा असतो, आणि तो पूर्णपणे खिडकीचा असतो. गादी, साबण, नाश्ता सगळं तेच.

जानेवारीत जाताय हे ऐकून काही लोक हळहळले असतील. मी उलट म्हणेन. आपल्या डोक्यात समुद्र पश्चिमेला असतो. दापोली असो नाहीतर गुहागर, सूर्य पाण्यातच बुडायला हवा. ब्रायटनचा किनारा मात्र दक्षिणेकडे पाहतो. उन्हाळ्यात तिथला सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, म्हणजे समोरच्या खोलीतून ना उगवती दिसत ना मावळती. हिवाळ्यात तो आग्नेयेला वर येतो आणि नैर्ऋत्येला समुद्रावर उतरतो. बाहेर फुगलेली, तीन बाजूंनी काच असलेली खिडकी मिळाली तर सकाळी आठच्या सुमारास सूर्योदय आणि दुपारी चार-साडेचारच्या सुमारास सूर्यास्त, दोन्ही खुर्चीतून न उठता. जून-जुलैत दुप्पट पैसे मोजणाऱ्यांना हे मिळत नाही. वर आणखी एक: हिवाळ्यात संध्याकाळी पॅलेस पिअरवर साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग पक्षी हजारोंनी रात्रनिवाऱ्याला येतात आणि उतरण्याआधी आकाशात थव्यांचे आकार करत फिरतात. पाऊसवारा नसेल तर साडेतीनलाच कोट घालून तयार राहा.

पिअर म्हणजे समुद्रात खांबांवर नेलेला लांब धक्का, वर करमणुकीचे खेळ. पॅलेस पिअर १८९९ चा आणि चालू आहे. ग्रँड आणि मेट्रोपोलच्या खिडक्यांतून पश्चिमेला पाण्यात जो लोखंडी सांगाडा उभा दिसतो तो वेस्ट पिअर. तो १८६६ मध्ये उघडला, १९७५ मध्ये बंद पडला, आणि २००२-०३ मध्ये वादळाने आणि लागोपाठच्या आगींनी त्याची ही अवस्था केली. भंगार आहे म्हणून तोंड फिरवणारे पाहुणे मी पाहिलेत, आणि मावळतीला त्याचेच शंभर फोटो काढणारेही तेच.

हिवाळ्याचा तोटाही आहे, आणि तो खिडकीतूनच येतो. अशा बऱ्याच इमारतींना वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे खिडकीसारखी गोष्टही परवानगीवाचून बदलता येत नाही. बऱ्याच ठिकाणी जुन्या, वर-खाली सरकणाऱ्या लाकडी चौकटी आणि एकेरी काच असते. नैर्ऋत्येचा वारा सुटला की त्या चौकटी रात्रभर खडखडतात, फटीतून शीळ वाजते. काही हॉटेलांनी उपाय म्हणून आतल्या बाजूने दुसरी काच बसवली आहे. तिला 'सेकंडरी ग्लेझिंग' म्हणतात. बुकिंगच्या मेलमध्ये हे दोन शब्द लिहून विचारा. विचारणारा पाहुणा जाणकार आहे हे समोरच्याला कळतं, आणि तेवढ्यानेच खोली सुधारते. काचेवर मिठाचा पांढुरका थर दिसला तर तक्रार करू नका. सकाळी पुसलेला संध्याकाळी परत येतो. आणखी एक विचारायचं: इमारतीला बाहेरून परांची लागली आहे का? खारा वारा गिलावा आणि रंग खातो, त्यामुळे किनाऱ्यावर कुठल्या ना कुठल्या इमारतीला परांची असतेच, आणि हे काम हिवाळ्यात, गिऱ्हाईक कमी असताना काढतात. पूर्ण सी व्ह्यूचे पैसे भरून जाळीमागचा बांबूवजा लोखंडी सापळा बघत बसलेलं एक कुटुंब मला अजून आठवतं. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि आमच्याकडून कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रँडबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिचा खोल्यांशी थेट संबंध आहे. १२ ऑक्टोबर १९८४, पहाटेचे २ वाजून ५४ मिनिटं. हुजूर पक्षाचं अधिवेशन शेजारच्या सभागृहात चालू होतं आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर याच हॉटेलात पहिल्या मजल्यावर उतरल्या होत्या. उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडू पाहणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेच्या पॅट्रिक मॅगीने जवळपास चार आठवडे आधी खोट्या नावाने सहाव्या मजल्यावरची ६२९ क्रमांकाची खोली घेतली होती आणि न्हाणीघरात, लांब मुदतीचं घड्याळ लावून बॉम्ब दडवला होता. स्फोटाने छपरावरचं धुराडं कोसळलं आणि मजल्यामागून मजला फोडत खाली गेलं. ५ माणसं मेली. थॅचर त्या वेळी भाषणावर काम करत जाग्याच होत्या. त्यांच्या न्हाणीघराची मोडतोड झाली, त्या वाचल्या, आणि सकाळी साडेनऊला अधिवेशन ठरल्या वेळी सुरू झालं. हॉटेल दुरुस्त होऊन १९८६ मध्ये पुन्हा उघडलं. रात्रपाळीत आमच्याकडे खोट्या नावाने आलेल्या पाहुण्यांचे किस्से निघाले की शेवट या गोष्टीवर व्हायचा आणि थोडा वेळ कुणी बोलायचं नाही.

यातून तुमच्या कामाचं काय? दारावर १८६४ लिहिलेलं असलं तरी आतल्या भिंती, नळ, तारा वेगवेगळ्या काळांतल्या असतात. एखाद्या हॉटेलाचा पूर्वेकडचा भाग मागच्या वर्षी नवा केलेला, पश्चिमेकडचा वीस वर्षांपूर्वी. म्हणून मेलमध्ये तिसरा प्रश्न: 'नुकत्याच नूतनीकरण झालेल्या भागातली खोली मिळेल का?' पुरातन वातावरण जिन्यात, दिवाणखान्यात, नाचाच्या हॉलमध्ये भरपूर अनुभवा. न्हाणीघर मात्र जितकं नवं तितकं चांगलं.

न्हाणीघराबद्दल आजींमुळे जरा जास्त बोलतो. जुन्या हॉटेलांत शॉवर बऱ्याचदा टबाच्या वर असतो, म्हणजे आंघोळीसाठी गुडघ्याएवढा काठ ओलांडून निसरड्या टबात उतरायचं. चौऱ्याहत्तरीच्या बाईसाठी ही सहलीतली सर्वांत धोक्याची जागा, पदवीदानाच्या पायऱ्या त्यापुढे काहीच नाहीत. 'वॉक-इन शॉवर' हा शब्द वापरून मागा. आणि तो मिळाला नाही तर टबात टाकायची रबरी चटई आणि प्लास्टिकचं स्टूल मागा. ही सोय पुष्कळ ठिकाणी असते, मागितल्याशिवाय देत नाहीत एवढंच. बादली नसते, पाणी घ्यायचा मगही नसतो. संडासात जेट नसतो. एक प्लास्टिकचा मग घरूनच न्या, लाज वाटायचं कारण नाही, मी स्वतः आजही नेतो. भिंतीतलं प्लगचं भोक आपल्या पिनांना चालत नाही, अॅडॉप्टर लागेल, आणि न्हाणीघरात दाढीच्या यंत्रापलीकडे काही लावता येत नाही. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, किटली खोलीत असतात. किटलीत फक्त पाणी उकळायचं. मॅगी करण्याचा प्रयत्न करणाऱ्या मंडळींना मी हात जोडून विनंती करत आलोय.

आणि उदबत्ती लावू नका. एकदा पहाटे सव्वापाचला आमच्याकडे अख्खं हॉटेल झोपेच्या कपड्यांत समोरच्या फुटपाथवर उभं होतं, फेब्रुवारी महिना, समुद्राचे शिंतोडे रस्त्यापर्यंत येत होते. कारण तिसऱ्या मजल्यावर एका भाविक काकांची पूजा. बंब आल्याशिवाय आणि तपासणी झाल्याशिवाय कुणालाही आत सोडता येत नाही. काका प्रसाद वाटत माफी मागत फिरले आणि इंग्रजांनी तो खाल्लाही, हे खरं, पण तुम्ही तो प्रयोग करू नका.

खोल्या कशा वाटतात, हे आतून सांगतो. संगणकावर बुकिंग 'सुपिरियर डबल' अशा वर्गाने होतं, नेमका नंबर त्या दिवशी सकाळी किंवा आदल्या रात्री एक माणूस बसून घालतो. रात्रपाळीत तो माणूस बऱ्याचदा मीच असायचो. आधी नेहमीचे पाहुणे, मग थेट हॉटेलकडे बुकिंग केलेले, मग ज्यांच्या नोंदीत काही लिहिलंय ते, आणि उरलेल्यांना उरलेलं. तिसऱ्या कुठल्या साइटवरून, सर्वांत स्वस्त, परतावा नसलेल्या दराने, एकही ओळ न लिहिता आलेला पाहुणा लिफ्टच्या मोटारीशेजारी जातो. दुष्टाव्याने नाही, कुणीतरी तिथे जायचंच असतं. तेव्हा दर तुलना करायला साइट वापरा, बुकिंग थेट करा, आणि जाण्याच्या आठवडाभर आधी एक छोटी, सभ्य मेल टाका: मुलीचं पदवीदान आहे, ७४ वर्षांची आई सोबत आहे, दुसरा ते चौथा मजला, पूर्ण सी व्ह्यू, वॉक-इन शॉवर, लिफ्टजवळ पण लिफ्टला चिकटून नको. पदवीदान हा शब्द लिहाच. अशा नोंदीला आम्ही सहसा चांगली खोली काढून ठेवायचो. कधी केकचा तुकडाही जायचा वर.

पलंगाची मापं समजून घ्या. ब्रिटनमध्ये 'डबल' म्हणजे साडेचार फूट रुंद. आपल्याकडच्या डबलबेडची सवय असलेल्या नवरा-बायकोंना तो पहिल्या रात्री भांडायला पुरतो. 'किंग' पाच फुटी, तो मागा. तिसऱ्या माणसासाठी 'सोफाबेड' देतात. तो आजींना देऊ नका आणि स्वतःही घेऊ नका.

दर वारावर फिरतो. शनिवारची रात्र सर्वांत महाग, रविवारची सर्वांत स्वस्त. समारंभ सोमवारी किंवा मंगळवारी असेल तर रविवारी संध्याकाळी पोहोचणं फायद्याचं. पण एक फास आहे. रविवारी रेल्वेची कामं निघतात आणि लंडन-ब्रायटन मार्गाच्या एखाद्या तुकड्यात गाडीऐवजी बस चालवतात. एरवी व्हिक्टोरिया स्टेशनहून तासाभरात आणि गॅटविक विमानतळाहून अर्ध्या तासात पोहोचवणारी गाडी त्या दिवशी दुप्पट वेळ घेते, तेही बॅगा चढवत-उतरवत. तिकीट काढण्याआधी त्या तारखेचं वेळापत्रक बघा. स्टेशन टेकाडावर आहे, तिथून क्वीन्स रोड सरळ समुद्राकडे उतरतो. चालत पाऊण मैल, तरुणांना मजेचा. तुम्ही टॅक्सी करा. तिथल्या टॅक्स्या पांढऱ्या, पुढचं बॉनेट मोरपिशी, लगेच ओळखू येतात.

चेक-इन साधारण दुपारी तीनला. लवकर पोहोचलात तर बॅगा पोर्टरकडे ठेवता येतात, त्याचे पैसे लागत नाहीत. काउंटरवर कार्ड मागतील आणि राहण्याच्या खर्चावर काही रक्कम 'होल्ड' करतील. इथे आपल्या लोकांची नेहमी फसगत होते. ती रक्कम फॉरेक्स कार्डावर अडकवली तर हॉटेलने सोडल्यावरही बँकेकडून परत दिसायला बरेच दिवस जातात, आणि तोवर तुमचे खर्चाचे पौंड गोठलेले. होल्डसाठी क्रेडिट कार्ड द्या, बिल हवं तर फॉरेक्स कार्डाने भरा.

जेवणाचं थोडक्यात. नाश्त्याचा वेगळा दर बघून घ्या. शाकाहारी असाल तर तळलेले मशरूम, भाजलेला टोमॅटो, टोस्ट, टोमॅटोच्या रसातल्या शेंगबिया, बटाट्याच्या तळलेल्या वड्या एवढं मिळतं. पहिल्या सकाळी छान, दुसऱ्या सकाळी तेच. ब्रायटन शाकाहारासाठी ब्रिटनभर प्रसिद्ध आहे आणि पाच मिनिटांवरच्या लेन्स या जुन्या गल्ल्यांत उत्तम कॅफे आहेत, तेव्हा दोन्ही दिवस नाश्ता हॉटेलात घ्यायलाच हवा असं नाही. दुपारचा चहा मात्र घ्या: तीनमजली थाळी, खाली बोटांएवढी सँडविचेस, मध्ये स्कोन म्हणजे छोटे गोडसर पाव, वर गोडधोड. शाकाहारी हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा, आणि गोड पदार्थांत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं) नको हे वेगळं सांगा. त्यांच्या 'व्हेजिटेरियन'मध्ये ते कधी कधी निसटतं. बिलात सेवाशुल्क लावलेलं असेल तर वर टिप ठेवायची गरज नाही.

बजेट ताणलं जात असेल तर एक कबुली देतो, माझ्या धंद्याविरुद्ध जाणारी. मागच्या बाजूची खोली मिळणार असेल तर या हॉटेलांत राहूच नका. किनाऱ्यापासून दोन गल्ल्या आत साध्या, स्वच्छ जागी राहा आणि दुपारच्या चहाला दोन तास या हॉटेलात येऊन बसा. जिना, झुंबर, दर्शनी खिडकी, समुद्र, सगळं त्यात मिळतं. मागच्या खोलीत राहून मिळतं ते फक्त पत्त्याचं समाधान.

दोन दिवसांत समारंभाखेरीज जो वेळ उरेल त्यात आपल्या ओळखीच्या खुणा पाहा. ओल्ड शिपकडून पॅलेस पिअरकडे जाताना क्वीन्स हॉटेल लागतं. त्या जागी पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमदाचं स्नानगृह होतं. वाफेची आंघोळ आणि चंपी. इंग्रजीतला 'शॅम्पू' हा शब्द याच चंपीच्या कुळातला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो अधिकृत 'शॅम्पूइंग सर्जन' होता. १८५१ मध्ये तो वारला. त्याची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. दहा-बारा मिनिटांवर रॉयल पॅव्हिलियन, घुमट आणि मिनारांचा राजवाडा, जॉन नॅशने नटवलेला. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, तिथे जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं. वेगवेगळ्या धर्मजातींसाठी वेगळे मुदपाकखाने आणि हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ. जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले त्यांच्यापैकी ५३ जणांचं दहन शहराबाहेरच्या टेकड्यांवर झालं, तिथे आज स्मारक म्हणून संगमरवरी छत्री आहे. तिथवर गाडी जात नाही, शेतातून चालावं लागतं. जानेवारीच्या चिखलात आजींना नेऊ नका.

आणि तो किनारा. १९०९ मध्ये सावरकरांना 'सागरा, प्राण तळमळला' सुचलं ते याच ब्रायटनच्या समुद्रकाठी. बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन त्या वेळी त्यांच्यासोबत होते. हॉटेलात कुणाला विचारलंत तर माहीत नसेल. किनाऱ्यावर वाळू नाही, मुठीएवढे गुळगुळीत गोटे आहेत, लाट मागे जाताना त्यांचा खळखळाट होतो. तो आवाज आपल्याकडच्या कुठल्याच समुद्राचा नाही. ऐकायला उतरा, पण चपला घालून, आणि लाट मोठी असेल तर काठाशी जाऊ नका. तिथे तळ झपकन खोल होतो.

आता तुमच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर. तिघांसाठी एक मोठी खोली घेऊ नका, दोन घ्या, पण एकसारख्या घेऊ नका. एक समोरची, दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावरची, पाच फुटी पलंगाची किंवा दोन वेगळ्या पलंगांची. दुसरी मागची, सिंगल, सर्वांत स्वस्त. या जुन्या इमारतींत अशा सिंगल खोल्या अजून असतात. तुम्ही आणि वहिनी दिवसभर मुलीबरोबर फिरणार, खोलीत येणार ते झोपायला. खोलीत सर्वांत जास्त वेळ काढणार आजी, गुडघे दुखले की, थंडी वाढली की, दुपारी डुलकी आली की. त्यामुळे समोरची खोली आजींची. वहिनी त्यांच्यासोबत झोपतील, रात्री एकटं वाटायला नको. मागच्या खोलीत तुम्ही. चौकातल्या पाइपांकडे तोंड करून खुशाल घोरा. दुपारी साडेतीनला मात्र सगळे समोरच्या खोलीत जमा, मुलीलाही बोलवा, किटली लावा, आणि पडदे पूर्ण बाजूला सारून खुर्च्या खिडकीशी ओढा.